गुलाबभाऊचा घास

मानेचे दोन पेशंट शेजारी बसले की किस्सा होतोच. आमच्या यवतमाळच्या फिजिओथेरपीत तर बाकभर बसतात! सगळ्यांच्या गळ्यात कॉलर, म्हणून आम्ही 'कॉलर कंपनी'.

*

कॉलर लावून मी पहिल्यांदा बाजारात गेलतो. खाली पाहताच येईना! वांगी समजून भलत्याच टोपलीतले कांदे निवडून आणले. बायको म्हणाली, "मान आखडली, हात तं शाबूत आहे ना?"

*

बाभुळगावचे रिटायर मास्तर मान ताणायच्या ट्रॅक्शनवर टांगलेले असतानाही बोलायचे. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही गप्प होईपर्यंत वजन वाढवलं असतं, तर एव्हाना तुमचा जिराफ झाला असता!"

*

पांढरकवड्याचे गुलाबभाऊ मात्र हसत नसत. जन्मभर ट्रक चालवला. मानेच्या मणक्याचं हाड वाढून अन्ननलिकेवर दाबू लागलं, घास अडकू लागला. ट्रक सुटला, तसे भाऊ घरात गप्प झाले. आधी भाकर बंद, मग खिचडीही. एक्स-रेच्या फोटोत हाड मात्र होतं तेवढंच!

मॅडम म्हणाल्या, "अर्धा घास हाड अडवतं, अर्धा उदासी. असंच वजन उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल." उदासीची गोळी लिहून दिली.

भाऊ भडकले. "मी का येडा आहो?"

मास्तर म्हणाले, "मले बी चालू आहे ते गोळी. इथं शहाणा कोण बसला?"

*

मग भाऊंना आमच्यासोबत जेवायला बसवलं. कॉलर काढायची, छोटा घास, हनुवटी खाली, हे मॅडमनी शिकवलेलं. त्यांनी चमचा उचलला आणि आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत बसलो, मॅचचा शेवटचा बॉल असल्यासारखे! भाऊंची बायको, आमच्या वहिनी, तर त्यांच्याआधी आवंढा गिळू लागल्या.

भाऊंनी चमचा ठेवला. "तुम्ही असे पाहून राह्यले, तं घास जाईन कसा आत?"

*

गोळीला महिना-दीड महिना झाल्यावर मास्तरांच्या शेतात पार्टी ठरली. आमच्याकडे रस्सा आधी जाणत्यानं चाखायचा. तो 'बसा' म्हणेपर्यंत पंगत बसत नाही. तो मान भाऊंना दिला. मॅडमना विचारून बेसनाच्या पातोडीचा रस्सा दाट केला आणि मीठ मुद्दाम टाकलंच नाही!

भाऊंनी चमचाभर चाखला. "काहून बे, मीठ का बापाच्या लग्नात टाकतं?"

मी चिमूट टाकली. दुसरा चमचा. "अजून." चिमूट. तिसरा. मग मऊ पातोडी कुस्करून चौथा. मास्तर भुकेनं कासावीस, पण जन्मात पहिल्यांदा गप्प! वहिनी पाठ करून काड्या मोडत बसलेल्या. वाटी रिकामी झाली.

मी हळूच विचारलं, "भाऊ, बसवू का पंगत?"

"घाई कायची? अजून अंदाज येऊन नाही राह्यला. वाढ आणखी एक वाटी!"