मेहमुदाचा बिनअंड्याचा केक

कसबा बावड्याच्या रस्त्यावरची बेकरी लालासाबच्या नावाची होती, पण भट्टी चालायची ती त्याची बायको मेहमुदा हिच्या जिवावर. पिठाच्या धुरळ्यानं लालासाबला दम्यानं गाठलं, तेव्हापासून तो पुढं दुकानात बसायचा आणि ती मागं पाव, खारी, नानकटाई काढायची.

एका उन्हाळ्यात कोंबड्यांवर रोग पडला आणि अंडी मिळेनाशी झाली. मेहमुदानं मग अंड्यावाचून केक करायचा चंगच बांधला. सुरुवातीचे केक विटेसारखे निघाले. पण शेवटी काळी पडलेली पिकली केळी, नारळाचं दूध, गोडेतेल आणि लिंबू पिळून फसफसवलेला सोडा, एवढ्यावर केक फुगला. अंडी परत आली तरी तिनं तो सोडला नाही. अंडं न खाणारी घरं काय थोडी होती! मात्र आत काय घालते, हे तिनं सख्ख्या जावेलाही सांगितलं नाही.

असंच एकदा जयसिंगपूरच्या आक्का दुकानात आल्या. धान्याच्या व्यापाऱ्याचं जैन घर. नातीच्या वाढदिवसाला केक हवा होता. त्यांनी तो नाकाशी धरला.

"ह्यात अंडं न्हाय?"

"न्हाय की, आक्का."

"मग फुगलाय कशानं? आन् पिवळा कसा?"

"माझ्या हाताला गुण हाय," मेहमुदा हसली. आक्का हसल्या नाहीत.

"माझ्यासमोर कर. मग घेतो."

मेहमुदाच्या मनात पाल चुकचुकली. आक्कांचा पुतण्या जयसिंगपुरात बेकरी टाकतोय, असं तिच्या कानावर आलं होतं. आक्कांची नजर तर भट्टीवरनं डब्यांवर, डब्यांवरनं तिच्या हातावर फिरत होती. ही केक घ्यायला आली का कसब चोरायला? तिनं आतल्या खोलीत जाऊन पडदा ओढला आणि पीठ कालवूनच बाहेर आणलं. आक्का ताडकन उठल्या.

"पडद्याआड काय घातलंस?" आणि उत्तराची वाट न बघता त्या निघून गेल्या.

"तू लपिवतीस म्हणून तिला संशय येतोय," लालासाब म्हणाला.

"आन् ती इचारती म्हणून मला येतोय!"

आठवड्याभरात आक्का पुन्हा हजर. या वेळी फडक्यात बांधलेलं स्वतःचं पातेलं, डाव आणि केकचा डबा घेऊन. मेहमुदाचं डोकंच फिरलं.

"माझी भांडी चालत न्हाईत व्हय?"

"काल तुझ्या ह्या पातेल्यात अंडी फेटली न्हाईस? घे शपथ."

मेहमुदानं आपल्या पातेल्याकडं पाहिलं. फेटली होती. पातेलं धुतलं होतं चांगलं, पण फेटली होती. तिच्या केकात अंडं नव्हतं, एवढंच तिला माहीत. पातेल्याचा विचार तिच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

तिनं पडदा बाजूला सारला. आक्कांच्याच पातेल्यात केळी कुस्करली, नारळाचं दूध ओतलं. आक्कांनी बोट बुडवून चव घेतली. केक भट्टीत गेला आणि दोघी समोरासमोर बसल्या. केक टम्म फुगून आला.

"खाऊन तरी बघा."

"घरात खातो," म्हणत आक्कांनी केक फडक्यात बांधला.

त्या दिवसापासून मेहमुदानं या केकची भांडी वेगळी केली, पण मन काही थाऱ्यावर येईना. सगळं दाखवून बसलो आपण! दिवाळीत पुतण्याची बेकरी निघाल्याचं कळलं, तशी ती एस.टी.नं थेट जयसिंगपूरला गेली.

"बिनअंड्याचा केक हाय का?" तिनं अनोळखी गिऱ्हाइकासारखं विचारलं.

"न्हाय बाई," पुतण्या वैतागून म्हणाला. "आमच्या आक्कास्नी ठावं हाय, पर सांगत न्हाईत. म्हणत्यात, पायजे तर बावड्यास्नं आणा."

आक्कांचं घर मागच्याच गल्लीत होतं. मेहमुदा तिथला एक पाव घेऊन कोपऱ्यापर्यंत गेली, जरा घुटमळली आणि काय बोलायचं ते न सुचल्यानं स्टँडकडं वळली. घरी आल्यावर लालासाबनं काय कळलं म्हणून विचारलं, तर एवढंच म्हणाली, "त्यांचा पाव लई कडक हाय."