खिशातला गूळ

बडोद्यातल्या पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही मनातून जात नाही, ते एका गुळाच्या खड्याचं प्रकरण.

बडोद्याजवळच्या पादरा गावाहून एक गृहस्थ तक्रारीचा अर्ज घेऊन आले. त्यांचा धाकटा भाऊ बडोद्यात, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. त्याचं पोट सारखं दुखायचं, मनगटातला जोर गेला होता. "आमच्याकडे आठ दिवस राहिला, तर बरा झाला साहेब. घरी गेला की पुन्हा तेच. बायकोच जेवणात काहीतरी घालते."

महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवून मी बाईचा जबाब घेतला. अपराधी माणूस आमच्यासमोर बहुधा गोडगोड बोलतो. ही बाई तर माझ्याशीच भांडायला लागली.

"डबा मी भरते, वर गुळाचा खडा पण देते. गुळानं छातीतली धूळ निघते ने! तोच गूळ माझी मुलगी खाते. तिला का नाही काय झालं?"

घरातलं पीठ, तेल, गूळ, सगळं तपासणीला पाठवलं. कशातच काही निघालं नाही. पादऱ्याला बायकोचा स्वयंपाक नव्हता तसा कारखानाही नव्हता, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं.

लगेच कारखान्यात गेलो. आमचा पठ्ठ्या भट्टीपाशी उभा. शर्टाच्या खिशातून गूळ काढायचा, शिशाच्या धुळीनं करड्या झालेल्या बोटांनी तोडायचा, तोंडात टाकायचा. दिवसभर हेच. हात धुवायचा नळ कोरडा ठणठणीत होता.

त्याच्या रक्तात शिसं निघालं. श्वासातून आणि हातातोंडातून गेलंय, हे काम आधी बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं. कारखान्याचा अहवाल मी फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे पाठवला आणि अर्ज निकाली काढला. घरच्या सुनेवर संशय घेणं फार सोपं असतं. माणूस आजारी पडला की तो दिवसभर कुठे उभा असतो ते आधी पाहावं, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

दवाखान्यात सगळं समजावून सांगितलं, तेव्हा थोरल्या भावाची मान वर होईना. बाईला मात्र सुटल्याचा आनंद नव्हता.

"म्हणजे रोज गूळ देऊन मीच..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

"गप ग," नवरा म्हणाला. "गूळ तुझा होता, धूळ त्यांची होती."

तिचे डोळे पुसायला त्यानं हात उचलला. मनगट लुळं पडलं. मग तिनंच तो हात धरला आणि आपल्या गालाला लावला.