ओळखू न येणारी रेघ

पिएरा तशी शाळेच्या कचेरीतली कारकून. पण सेत्तिमोत, पेनांच्या कारखान्यांच्या गावात, जन्मलेल्या माणसाचा पेन सहसा पिच्छा सोडत नाही. तिच्या लहानपणी आई कारखान्यातून टोपणांच्या पिशव्या घरी आणायची आणि जेवणाच्या टेबलावर बसून त्यांना क्लिपा लावायची. त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर पिएरा पाढे लिहायची आणि मनाशी म्हणायची, शिकायचं, आणि पेनांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. शिकलीही. पुढे पन्नाशीत, एका बंद पडलेल्या कारखान्याचा जुना लेथ भंगारात जाताना दिसला आणि तिला राहवलं नाही. लेथ गॅरेजात आला, गाडी रस्त्यावर गेली.

"गाडी पावसात आणि पेनं छपराखाली," नवरा एत्सिओ तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. "माझा नंबर गाडीच्याही मागे."

पेन ती विकत नाही. ज्याच्यासाठी करायचं त्याला आधी समोर बसवून लिहायला लावते. बोटं कुठे धरतो, किती दाबतो, मनगट कुठे वळवतो ते बघते. मग एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, काळा दांडा लेथला लावून थोडा थोडा कातत बसते. केसांना जळक्या रबराचा वास लागतो आणि शाळेतली पोरं तिला मागून टायरबाई म्हणतात.

तिचं सगळ्यांत चांगलं पेन तिने मुलीसाठी केलं. नोएमी रोमला न्यायाधीशाच्या परीक्षेला बसत होती. आठ-आठ तास हाताने लिहायचं, तीन पेपर. मागच्या दोन्ही वेळी सहाव्या तासाला तिचा अंगठा बधिर झाला आणि पेपर अर्धवट राहिला. ही तिसरी आणि शेवटची खेप. म्हणून पिएराने पेन जाड पण हलकं केलं आणि निब इतकी मऊ लावली, की दाबायची गरजच पडू नये. निबचं टोक शेजारच्या गल्लीतल्या सेकोंदोने घासून दिलं होतं, नोएमीच्या हाताच्या वळणाप्रमाणे तिरकं. ऐंशीच्या घरातला हा म्हातारा. चाळीस वर्षं कारखान्यात निबाच घासल्या त्याने. उभी रेघ जाड यायची, आडवी केसासारखी. दहा महिने नोएमीने त्याच पेनाने सराव केला.

परीक्षेला चार दिवस उरले असताना सेकोंदो कॉफीला आला. गॅरेजात नोएमीच्या सरावाचा एक जुना कागद पडला होता. त्याने तो खिडकीशी धरला.

"शंभर कागदांत टाक पोरी, हा मी डोळे मिटून काढून देईन. अशी रेघ दुसऱ्या कोणाची नाही."

त्याने कौतुकच केलं होतं. पिएराच्या हातातली कॉफी मात्र तशीच राहिली. त्या परीक्षेत पेपरावर नाव नसतं, आणि लिहिणारा ओळखू येईल अशी खूण सापडली तर पेपर बाद.

तिने नियमांचा कागद चारदा वाचला. शाई काळी किंवा निळी, एवढंच. रेघेबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे चालेल? की तपासणाऱ्यावर सोडलंय? दुसऱ्या दिवशी कचेरीत एका मुलाचा दाखला तिने भलत्याच फायलीत लावला. संध्याकाळी पास्ताच्या पाण्यात दोनदा मीठ पडलं.

"समुद्र छान शिजलाय," एत्सिओ म्हणाला आणि गुपचूप खाल्लं.

नोएमीला सांगावं, तर तिची होती-नव्हती ती झोप उडणार. न सांगावं, तर... पुढचं तिला मनातसुद्धा पुरं करवेना. ती सेकोंदोकडे गेली. "टोक गोल करून द्या. चारचौघांच्या पेनासारखी रेघ यायला हवी."

सेकोंदोने उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. बोटं थरथरत होती. "दहा महिन्यांपूर्वी जमलं, आता नाही. तूच कर."

"मी कधी निब घासली नाही."

"मीही एकदा पहिल्यांदाच घासली. दोन वाया घालवल्या."

"माझ्याकडे दोन नाहीत, सेकोंदो."

"मग सावकाश घास."

नोएमी पोहायला गेली ते बघून पिएराने तिच्या टेबलावरचं पेन उचललं, गॅरेजात आली, निब काढली, पॉलिश पेपर ओला केला. आणि नुसतीच बसून राहिली. विचारल्याशिवाय? दाराशी चाहूल लागली तेव्हा निब तिच्या चिमटीतच होती.

"आई, काय करतेयस?" नोएमीचे केस ओलेच होते.

पिएराने सांगून टाकलं. नोएमीने ऐकून घेतलं आणि उजवा हात पुढे केला. अंगठ्याला चिकटपट्टी होती.

"आठवडाभर बॉलपेनने लिहितेय मी. मलाही तेच वाटलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"आणि मी तुला झोप लागणार नाही म्हणून..."

"झोप कुणाला येतेय इथे? घास ना आता. मी बसते समोर."

पिएरा घासू लागली. ओल्या कागदावर इंग्रजी आठाचा आकडा, दहा वेळा, की थांबायचं, पुसायचं, निब बसवून शाईने रेघ ओढून बघायची. पुन्हा दहा. एकदा टोक कागदात अडकलं आणि दोघींनी ते उजेडात धरून निरखलं. पाऊण तासाने उभी रेघ आणि आडवी रेघ सारखी झाली. अगदी कोणाचीही असावी तशी.

मग सेकोंदोला बोलावलं. मायलेकी आणि एत्सिओ, तिघांनी तीन पेनांनी वेगवेगळ्या कागदांवर एकेक ओळ आठाचे आकडे काढून ठेवले होते. त्याने चष्मा पुसला, बराच वेळ लावला आणि मधल्या कागदावर बोट ठेवलं. "हा नोएमीचा."

"माझा आहे तो," एत्सिओ म्हणाला. "आता मीच जातो रोमला."

तीन दिवसांत पिएरा पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता त्या निबेकडे बघत तिने पेनाला टोपण लावलं. सेकोंदोने खिडकीतला जुना, जाडबारीक रेघांचा कागद घडी करून खिशात घातला. "हा मी नेतो. हा कोणाचा ते मला माहीत आहे."

तिसऱ्या पेपराच्या संध्याकाळी रोमहून फोन आला.

"आई, शेवटच्या ओळीपर्यंत अंगठा जागेवर होता."

"शाई कुठे गळली नाही ना? एखादा डाग?"

"नाही ग."

"नीट आठव."