इंटरवलनंतरचं रीळ

दोन हजार सातचं साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि चेन्नईत अण्णा नगरकडच्या एका जुन्या थेटरात ऑपरेटर होतो. शिक्षण तिसरीपर्यंत. आम्ही तंजावरकडचे. मराठी अक्षरं वडिलांनी घरी गिरवून घेतली, त्यावरच हे लिहितोय. पण मशीनपुढं मी कुणाचं ऐकलं नाही. एका गोष्टीत ऐकलं, तेवढं कबूल करतो.

पडम, म्हणजे सिनेमा, लांब असला की मॅनेजर जिना चढून यायचा आणि म्हणायचा, एक रीळ खाऊन टाका. इंटरवलनंतरचं पहिलं रीळ गाळायचं, ही आमची रीत. लोक मुरुक्कू, म्हणजे चकल्या, घेऊन अंधारात खुर्ची शोधत असतात. गोष्ट पुढं गेलेली दिसली की त्यांना वाटतं, आपल्यालाच उशीर झाला. तीस वर्षांत अशी कितीतरी रिळं मी खाल्ली. लाज वाटली नाही. खोटं कशाला लिहू?

त्या साली एक छोटं पडम आलं. सहा रिळांचं. नट कुणाच्या ओळखीचे नाहीत, पोस्टर कुठं दिसेल तर शपथ. पडम काढणारी बाई स्वतः ऑटोतून रिळांचे डबे घेऊन आली, केबिनपर्यंत चढली.

"अय्या, बघून सांगा कसं वाटतं."

"मी पडदा बघत नाही, अम्मा. दार बघतो."

ती हसली. तिला थट्टा वाटली. पण केबिनच्या भोकातून मला हॉलचं दार दिसायचं. कुणी कंटाळून उठलं की दार उघडतं आणि उजेडाची पट्टी जमिनीवर पडते. किती पट्ट्या पडल्या त्यावरून पडम किती दिवस टिकेल ते मी सांगायचो. मालकसुद्धा विचारायला यायचा.

तिच्या पडमला सकाळचा एकच खेळ मिळाला होता. बाकी सगळे खेळ परदेशातल्या मोठ्या कंपनीच्या पडमला, तमिळ बोलणारं, तिसरा भाग. पहिले दोनही मीच चालवलेले. पडद्यावर शहरं कोसळायची आणि खाली दार पंख्यासारखं हलायचं.

छोट्याच्या चौथ्या, म्हणजे इंटरवलनंतरच्या पहिल्या रिळात, एक म्हातारा शिंपी शिलाईचं मशीन डोक्यावर घेऊन विकायला निघतो, असं त्या बाईनं सांगितलं होतं. वीस मिनिटं चालतो. गाणं नाही, बोलणं नाही. पहिल्या दिवशी हॉलमध्ये तीसेक माणसं. एकही पट्टी पडली नाही. मी मनात म्हटलं, हे चालणार.

आणि चाललं. तिसऱ्या आठवड्यात पेरुंगुडीहून गळ्यात कार्ड घातलेली हापिसातली मंडळी बस बदलून यायला लागली, हॉल भरायला लागला. तेव्हाच मॅनेजर वर आला. मला तो पेरियवर म्हणायचा, म्हणजे थोरले.

"पेरियवरे, मोठ्या पडमवाल्यांना आजपासून दिवसाला आणखी एक खेळ बसवायचाय. छोट्याचं चौथं रीळ खा. वीस मिनिटं मोकळी होतात."

"नाही खाणार."

"का, पोट भरलं?"

"भरलं. तीस वर्षं खातोय."

"अहो, त्यात आहे काय? म्हातारा चालतो, चालतो, चालतो. माझी सासू तेवढ्यात देवळात जाऊन येते."

"तुमच्या सासूबाईंना चालताना बघायला किती माणसं तिकीट काढतात?"

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "चौथं रीळ लागलं तर उद्यापासून येऊ नका."

मी केबिनला आतून कडी घातली. इंटरवल झाला. चौथं रीळ चढवलं. बाहेर उन्हात मोठ्या पडमची गर्दी ताटकळली, मॅनेजर दार बडवत राहिला. त्या दिवशी मी पहिल्यांदा दार सोडून पडदा बघितला. शिंप्यानं मशीन खाली ठेवलं, घाम पुसला, पुन्हा उचललं. उचलताना कुणाची मदत मागितली नाही. सहावं रीळ संपलं तेव्हा मी खाली गेलो आणि केबिनची चावी टेबलावर ठेवली. मॅनेजरनं बघितलंही नाही.

घरी बायको म्हणाली, "अहो, एकदा हो म्हटलं असतं तर मिशी गळून पडली असती?"

"पडली असती."

"मग सांभाळा तिला. उद्यापासून तेवढंच काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि त्याच थेटरात तिकिटाच्या लायनीत उभा राहिलो. लायन चहाच्या टपरीपलीकडं गेली होती. मॅनेजर बाहेर आला.

"पेरियवरे, इथं काय करताय?"

"काल नोकर होतो. आज गिऱ्हाईक आहे. सहा रिळांचं पडम आहे, सहाही बघणार."

पुढचे मागचे वळले. "का? गाळतात काय?" मी मोठ्यानं सांगितलं, कुठलं, कसं, कधी गाळतात. माझी तीस वर्षंही सांगितली. लायनीत आवाज चढला. मॅनेजर आत गेला.

मी तिकीट काढलं आणि दाराला लागून असलेल्या खुर्चीत बसलो. वर केबिनच्या भोकातून माझ्या जागी आलेला दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर वाकून बघत होता. मी हात उंच केला आणि त्याला चार बोटं दाखवली.