रकान्यातले बैल

अकोटच्या एका जिनिंगचं काम आमच्या अमरावतीच्या ऑफिसात आलं, तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. कापूस आत येतो, काट्यावर मोजला जातो, सरकी निघते, गाठी बाहेर जातात, या सगळ्याची नोंद ठेवणारं त्यांचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. त्याआधी जुन्या डेटाबेसचं डॉक्युमेंटेशन हवं होतं. म्हणजे आत कोणती टेबलं आहेत, एकेका टेबलात कोणते कॉलम आहेत ते बघायचं आणि प्रत्येकापुढे साध्या भाषेत लिहायचं: यात काय असतं, कोण भरतं, रिकामा सोडला तर चालतो का. ऑफिसात हे काम कुणालाच नको होतं. मला मात्र भलतंच आवडलं. गाणी गुणगुणत मी ओळी लिहीत सुटले.

‘ol’ नावाचा कॉलम होता. आत आठ, नऊ, अकरा असे आकडे. मी लिहिलं, ‘old: शेतकरी किती वर्षं जुना.’ पुढं ‘bail’. जिनिंग म्हटल्यावर ‘बेल’ म्हणजे गाठ, हे मला पाठ होतं. स्पेलिंग चुकलंय, असं ठरवून मी लिहिलं, ‘गाठींची संख्या.’ आकडे मात्र विचित्र. दोन, दोन, शून्य, दोन. शून्य म्हणजे खराब कापूस, असंही मी जुळवून टाकलं. पण हा कॉलम सक्तीचा का होता, ते कळेना. तो भरल्याशिवाय वजन घेताच येत नव्हतं, आणि माल आत येतानाच गाठी कुठून मोजणार? त्यात एका ओळीत तीन!

जिनिंगमध्ये फोन केला. तिथल्या मुनीमजींनी हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बाईंचा नंबर दिला. त्या कॉलेज संपल्यावर तिथं कामाला होत्या, मग लग्न होऊन अकोल्याला गेल्या.

मी फोनवर विचारलं, “ताई, तुमच्या टेबलांबद्दल थोडं बोलायचं होतं.”

त्या पलीकडून ओरडल्याच, “माह्या टेबलांबद्दल? बाप्पा! अजून चालून राहिले ते? फोनवर नाई होत, तू घरीच ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून मी अकोल्याला गेले. खाली त्यांच्या यजमानांचं पुस्तकं बांधायचं दुकान, वर घर. ताईंनी शीरखुर्म्याची वाटी पुढं ठेवली आणि माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. एकेक टेबल उघडत होत्या आणि जुन्या वर्गमैत्रिणी भेटाव्यात तशा त्यांच्याशी बोलत होत्या. “हे पाह्य, हे गेटवरचं. हे काट्यावरचं. दोघायले जोडाले मले आठवडाभर लागला होता वं!”

‘ol’पाशी माझी ओळ वाचून त्या थांबल्या. “शेतकरी किती जुना? अवं, ओल! कापसातली ओल!”

मी डोक्याला हात लावला. मग त्यांनी पुढची ओळ वाचली. गाठींची संख्या. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग ओढणी तोंडात गेली.

“बेल नाई वं. बैल! बैल! गाडीले जुंपलेले!”

“खरेखुरे बैल?”

“मंग काय! मालकाच्या मायनं सांगितलं होतं, पहिले बैलायले पाणी, मंग काटा. लोक विसरत. म्हून म्या तो कॉलम सक्तीचा केला, पाणी पाजलेले बैल लिवा, मंगच वजन. गाडीचे दोन, ट्रॅक्टरचा शून्य.”

“आणि हे तीन?”

त्यांना बोलता येईना. बोट वर करून त्या नुसत्या हसत होत्या. शेवटी कसंबसं म्हणाल्या, “गाडीमागं गोऱ्हा आला होता. घरीच राहीना. गेटवरच्यानं विचारलं, याले कुठं लिहू? म्या म्हटलं, तोही पाणी पेईन ना? लिव तीन!”

आता माझाही बांध फुटला. आतून त्यांच्या सासूबाई आल्या. “क्या हुआ बेटा, कायको इत्ता हंस रे?” ताईंनी सांगितलं, तर त्या पलंगावर बसून आमच्याहून मोठ्यानं हसायला लागल्या.

तेवढ्यात आमच्या सरांचा फोन. मूळचे पुण्याचे, मोजकं बोलणारे. “गाठींचा खुलासा झाला का?”

“सर, त्या गाठी... पाणी पितात,” एवढंच मला म्हणता आलं.

“काय? जरा नीट बोल.”

ताईंनी फोन घेतला आणि सगळं समजावलं. पलीकडे सर असे खदखदले की फोन कानापासून लांब धरावा लागला. ऑफिसात कुणी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळी टेबलं संपवली. मी सांगायची, ताई दुरुस्त करायच्या, मध्येच कुणाला तरी पुन्हा हसू फुटायचं. निघताना त्या म्हणाल्या, “लय दिवसांनी माह्यं डोकं असं चाललं. मजा आली वं.” हे मी दुसऱ्या दिवशी सरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ताईंना फोन केला, आणि घरूनच नव्या सॉफ्टवेअरवर काम कराल का, असं विचारलं.

नव्या डेटाबेसमध्ये बैलांचा कॉलम राहिला, स्पष्ट नावानं. हल्ली बहुतेक शून्यच भरतात.

ताईंच्या कामाच्या पहिल्या सकाळी मी ऑफिसची पायरी चढत होते, तोच त्यांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. नुसताच आनंदानं चिरकलेला आवाज, “पोट्टे, मले पासवर्ड भेटला! सारे टेबल दिसून राहिले! सांग, पहिले काय करू?”