साठाचे शंभर होऊ नयेत म्हणून

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, हे मी नुसतं म्हणायला म्हणत नाही... मला पगारच त्याचा मिळायचा. "कानात कोणी बोलतं का?" हे लोकांना विचारायचं आणि उत्तर शब्दशः लिहून घ्यायचं, हे माझं काम. सत्त्याण्णव साल. एका संस्थेतर्फे मी दर गुरुवारी नगरहून एसटीने कर्जतला जायचो. शाळेच्या एका खोलीत बसून, वेडाचा आजार पुरता जडायच्या आधीच तरुण मुलं ओळखायची. आमच्या डॉक्टरांनी दिलेल्या इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी मीच केलेलं. या कामात माझा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता, हेही सांगून टाकतो.

प्रत्येक अनुभवाच्या शेवटी एक प्रश्न ठरलेला – हे खरंच घडतंय याची शंभरापैकी किती खात्री? थोडीतरी शंका शिल्लक असेल तर माणूस अजून काठावर आहे, त्याला धरून ठेवता येतं. शंभर म्हणाला, की गेला आत.

सुनंदा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. दोन महिने कॉलेज बुडवून घरात बसलेली. तिची आई शेतमजुरी करायची.

"साहेब, आमी बौद्ध. आमच्यात अंगारे-धुपारे न्हाईत. लोकं म्हनत्यात खर्ड्याच्या देवरुशाला दाखवा. पन मला पोरीला मास्तरीन झालेलं बघायचंय."

मायलेकींना वेगवेगळं विचारायचं हा नियम, म्हणून आईला बाहेर बसवलं.

"काय ऐकू येतं?"

"बाईमानसाचा आवाज. समोरचा काय इचारनार, ते आदीच सांगतो."

"किती खात्री?"

"साठ," ती खाली बघत म्हणाली.

मग तिने माझे पुढचे तीन प्रश्न ओळीने सांगितले. मला हसू आलं. कागद समोरच होता, पोरगी हुशार, उलटी अक्षरं वाचली असणार! मी फाईल मिटून पिशवीत टाकली आणि प्रश्नावलीत कुठेही नसलेला एक प्रश्न मनात ठरवला – पहिलीत तुझ्या शेजारी कोण बसायचं?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "कुसुम. चौथीत शाळा सोडली तिनं."

दुपारचे साडेबारा वाजलेले. वर पत्रा तापलेला, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला सांगू... मी घाबरलो.

"सर, हेच इचारनार हुता ना तुमी?"

पेशंटशी खोटं बोलायचं नाही, हे मी नव्या पोरांना दरडावून शिकवायचो. पण 'हो' म्हणालो असतो तर त्या साठाचे शंभर तिथल्या तिथे झाले असते, आणि तेही माझ्या तोंडून.

"नाही गं. जेवून आलीस का, एवढंच विचारणार होतो."

मग तिचे खांदे सैल पडले. "मंजी आवाजच चुकतोय म्हनायचा."

"आता किती?"

"चाळीस."

कुसुमचं वाक्य मी लिहिलं नाही. एवढ्या वर्षांत गाळलेलं ते एकच वाक्य. पुढे ती दर पंधरा दिवसांनी येत राहिली, झोप सुधारली, कॉलेज सुरू झालं, आकडा उतरत गेला.

दोन वर्षांनी काष्टीच्या बाजारात भेटली. जवळच्याच शाळेत बाई झाली होती. मला फार आनंद झाला. निघताना मात्र तिने हळूच विचारलं, "सर, त्या दिवशी खरंच जेवनाचंच इचारनार हुता?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली आणि भाजीची पिशवी उचलून गेली.

चेहरा वाचला, अंदाज लागला, योगायोग... सगळं तपासून झालं. कशानेच कुसुमचा उलगडा होत नाही. पण ती दुपार जशी सांगितली तशीच घडली का, असं कोणी माझ्याच पद्धतीने मला विचारलं, तर माझं उत्तर शंभर आहे. आणि शंभर म्हणणाऱ्या माणसाबद्दल मी काय समजायचो, ते वर लिहिलंच आहे.