रिकाम्या पट्ट्यांवरचा पाठ

"मुली आहेत असं समज आणि कर सुरू," मोठ्या बाई म्हणाल्या.

समोर बसायच्या पट्ट्या अंथरलेल्या. त्यांवर कुणी नाही. मागे भिंतीला टेकून माझ्याबरोबरच्या शिकाऊ बायका बसलेल्या. मी फळ्याजवळ उभी, हातात खडू.

नगरला शिक्षिकांच्या ट्रेनिंग वर्गात होते मी. तिथली रीत अशी. शेजारच्या शाळेतल्या मुली आणून बसवायच्या, आपण पाठ घ्यायचा, मग बाकीच्यांनी एकेकीने उठून त्यातले दोष सांगायचे. टीकापाठ म्हणत त्याला. तो पार पडल्याशिवाय सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर नोकरी नाही.

माझी पाळी यायच्या आधी एका मुलीच्या आईने मला ओळखलं. तिचं माहेर सोनई. "ही तर म्हारवड्यातल्या ख्रिस्ती मास्तराची पोर हाय!" झालं. माझ्या पाठाला मुली पाठवायच्या नाहीत, असं आयांनी ठरवलं. आमच्या आज्याने धर्म बदलला, नाव बदललं. जात मात्र माझ्या आधीच नगरला पोचली होती.

मोठ्या बाई खादी नेसायच्या. इंग्रज आता जाणार, असं जो तो म्हणत होता, त्याही म्हणायच्या. मला त्यांनी जवळ बोलावून सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नकोस. मी काही भेद मानत नाही. पण आयांची मनं कशी दुखवायची?" माझं मन कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

तरी पाठ घेतला. जिल्ह्याचा नकाशा मी हाताने काढून, रंगवून आणला होता. तो टांगला. "आपल्या जिल्ह्यातून कोणती नदी वाहते?" मी पट्ट्यांना विचारलं. "प्रवरा," मीच म्हणाले. "शाब्बास," तेही मीच म्हणाले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मग दोष सांगायची वेळ आली. शेवगावकडच्या एका पाटलाची लेक उठली. "बाई, हिला पोरींना बोलतं करता आलं न्हाई. येकीनंबी हात वर केला न्हाई."

सगळा वर्ग हसला. मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "मुद्दा बरोबर आहे. मुलींचा प्रतिसाद नाही. पाठ पुन्हा घ्यावा लागेल."

आधी मुली काढून घेतल्या, आणि आता मुली बोलल्या नाहीत हा दोष माझा. अंगाची लाही लाही झाली. पण मी नकाशा उतरवून गुंडाळला.

रविवारी सोनईला गेले. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर. उभा जन्म साहेबापुढे आणि गावापुढे मान खाली घालून काढलेला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, गप ऱ्हा. येकदा सर्टिफिकेट हातात येऊ दे, मग बोल."

"बाबा, तुमच्या हातात सर्टिफिकेट हाय. तुमी कवा बोलला?"

बाबा चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. पुढचं माझं आयुष्य कसं जाणार, ते मला समोर बसलेलं दिसत होतं.

दुसऱ्या पाठाला पुन्हा त्याच पट्ट्या. मोकळ्या. मी खडू फळ्याखाली ठेवला आणि हाताची घडी घातली.

"सुरू कर," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मुली आल्या की करते."

"हट्ट करू नकोस. नापास होशील."

"करा नापास. पण कारण खरं लिहा. मुली बोलल्या नाहीत असं लिहू नका. मुलींना बसू दिलं नाही असं लिहा."

या वेळी कुणी हसलं नाही. पाटलाची लेक खाली बघत होती. मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. तास संपल्याची घंटा होईपर्यंत मी तशीच उभी राहिले. फळ्यापुढून हलले नाही.

नापास झाले. कारण त्यांनी लिहिलं, "वर्तन उद्धट." नकाशाची गुंडाळी काखेत मारून मी सोनईची वाट धरली. बाबा दारात उभे होते. "आता काय करशील?" त्यांनी विचारलं.

"पुढल्या वर्षी परत नाव घालनार. तितंच."

"आन् पोरी आल्या न्हाईत तर?"

"तर परत उभी ऱ्हाईन. परत नापास होईन. पन रिकाम्या पट्टीला शाब्बास म्हननार न्हाई."